बत्तीस दगडांवर दिलेली

"इंदुताई, हे खरं आहे?" डॉक्टर दोशींनी माझी वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "वीस किलोमीटरला तीन तास पंचावन्न मिनिटं?"

"घड्याळ बघूनच लिहिलंय."

"म्हणजे किलोमीटरला पावणेबारा मिनिटं."

"पावणेबारा मिनिटांत माझी आई जाते देवळात," बँकेतले शेंडे म्हणाले. "चालत. आणि वाटेत दोघीतिघींशी बोलते."

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेले सगळे हसले. आठ जण होते, नुकतेच हायवेवरून पळून आलेले, घामेजलेले, हातात केळी. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. ते वहीची पानं मागे उलटत गेले. दहा, बारा, चौदा, सोळा, अठरा, वीस. पुढे नुसतं वीस, वीस, वीस. तीन रविवार मी वीसलाच अडकले होते.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या डिसेंबरातली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. भोइट्यांची इंदुमती, मुरूमखडी गावची, पिठाची गिरणीवाली. आमच्या गिरणीत मापात पाप नाही, हे पंचक्रोशीत कुणालाही विचारा. कुणाचं दळण कमी भरलं असं एकवीस वर्षांत एकदाही झालं नाही. त्या वर्षी रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. चालता चालता एक दिवस पळावंसं वाटलं. शाळेत असताना मी जिल्ह्याला पळालेली, पंधराशे मीटर. मग अठराव्या वर्षी लग्न, आणि त्यानंतर पळाले ती फक्त सुटलेल्या म्हशीमागे. पण पाय विसरलेले नव्हते हो. दोन महिन्यांत मी डॉक्टरांना सांगून टाकलं, तुम्ही ते पुण्याला बेचाळीस किलोमीटर पळायला जाता ना, मलाही यायचंय.

डॉक्टरांनी त्यांचा तक्ता दिला. सोळा आठवड्यांचा, कुठल्या रविवारी किती पळायचं ते लिहिलेला. शेवटून तिसऱ्या रविवारी बत्तीस किलोमीटर. त्यांचा नियम होता, की ज्याचं बत्तीस झालं नाही त्याला पुण्याला न्यायचं नाही. आदल्या वर्षी त्यांच्यातला एक जण तिसाव्या किलोमीटरला रस्त्यावर आडवा झाला होता, आणि डॉक्टर आपली शर्यत सोडून त्याच्याबरोबर रुग्णवाहिकेतून गेले होते. त्यामुळे नियम कडक होता. तो चुकीचा होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही.

"इंदुताई," डॉक्टर वही मिटून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. यादी मला सोमवारी पाठवायची आहे. तिकडे सहा तासांनी रस्ता वाहनांना उघडतात. तुमच्या या चालीनं बेचाळीसला आठ तास लागतील. एकदा आमच्याबरोबर हायवेला या, मी बघतो तुम्ही कशा पळता."

हे त्यांनी आधीही तीनदा म्हटलं होतं. आणि मी तीनदा नाही म्हटलं होतं. रविवारी गिरणीला गर्दी असते, म्हशी आहेत, लांब पडतं, काहीतरी सांगायचे. खरं कारण वेगळंच. आठ पुरुषांच्या मागे फर्लांगभर अंतरावरून रेंगाळत पळायचं आणि शेंड्यांना हसायला आणखी एक विषय द्यायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मी आपली पाटाच्या कडेनं एकटी पळायची, मिळेल त्या ट्रॅक्टरनं परत यायची.

"बत्तीस झालं तर नेणार ना?" मी विचारलं.

"बत्तीस झालं तर नक्की. वेळेचं मग पुढे बघू."

"मग पुढच्या रविवारी बत्तीस करते. सोमवारची यादी तेवढी थांबवा."

"वीसवरून एकदम बत्तीस?"

"माझं माहेर बत्तीस दगडांवर आहे," मी म्हणाले. "माहेरी जायला कुणाचे पाय दुखतात?"

बोलून तर बसले. परत येताना एस.टी.त मात्र वहीतले ते तीन वीस पुन्हा पुन्हा बघत राहिले.

आमच्या मुरूमखडीला नदीवर बंधारा आहे. ब्रिटिशांच्या काळातला. तिथून उजवा कालवा निघतो. आम्ही त्याला पाटच म्हणतो. पाटाच्या भरावावरून खात्याच्या गाड्या जाण्याइतकी वाट आहे आणि वाटेच्या कडेला नंबर कोरलेले काळे दगड आहेत. शून्याचा दगड आमच्या गावात, आणि बत्तिसावा माझ्या माहेरी, आसोलीत. तिकडे सगळं बोलणंच दगडांचं. अमक्याचा मळा सतराव्या दगडावर, तमक्याची विहीर बाविसाव्याच्या अलीकडे. माझ्या लग्नात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भर मांडवात सांगितलं होतं, "लेक काय लांब नाही दिली. एकाच पाटावर दिलीय, बत्तीस दगडांवर. तिनं तिकडं पाण्यात पान सोडलं तर इकडं मला घावंल."

एस.टी.नं आसोलीला जायचं म्हणजे आधी तालुक्याला जायचं, तिथं गाडी बदलायची, गावोगाव थांबत, साठ किलोमीटरचा वळसा. अर्धा दिवस मोडतो. पाट मात्र मधूनच जातो, म्हणून बत्तीसच. हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की कधी कुणाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही.

मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, निवृत्ती भोइट्यांना, मी रात्री जेवताना सांगितलं. ते तालुक्याच्या शाळेत कारकून. बोलतात कमी.

"आसोलीपर्यंत पळणार?" त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"हो."

"नाही झालं तर?"

"नाही झालं तर गिरणीत बसून दळण दळते. आणि परत पळायचं नाव काढत नाही. गावभर सांगून बसलेय मी. येणारी प्रत्येक बाई पिशवी ठेवता ठेवता विचारते, 'कधी जायचं वैनी पुण्याला?' तिला काय सांगू? माझं वीसच्या पुढे सरकत नाही म्हणून?"

त्यांनी भाकरी संपवली. हात धुतले. "स्कूटर घेऊन मागं येतो," म्हणाले. "पाणी कोण देणार नाहीतर."

अण्णांना मी त्यांच्या शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला. रविवारी येतेय, पाटानं, पळत, बत्तीस दगड. निरोप घेणाऱ्या पोरीनं दोनदा विचारलं, "पळत?" मी म्हटलं, पळतच सांग.

रविवारी साडेपाचला शून्याच्या दगडाला हात लावून निघाले. अंगात लेकीचा पंजाबी ड्रेस, डोक्याला मालकांचा मफलर, पायात कॅनव्हासचे बूट. मागे स्कूटरचा फट्फट् आवाज आणि उजेड. त्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या सुमाराला बंद पडलेला, तो बसला तो बसलाच. दुरुस्त करू करू म्हणत किती वर्षं गेली. तो चालू असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि मला सांगायला गोष्टही नसती.

पहिले दहा दगड मी मजेत गेले. थंडी होती, उसाच्या फडांवर धुकं होतं. दहाव्याला मालकांनी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं. पंधराव्याला गूळ-शेंगदाणे. विसाव्या दगडाला ऊन चांगलं वर आलं होतं आणि माझ्या मांड्यांत खिळे ठोकल्यासारखं व्हायला लागलं होतं.

"थांबायचं का?" मालकांनी विचारलं.

"इथं तर दर रविवारी थांबते."

एकविसावा गेला. बाविसाव्याला गव्हाला पाणी देणाऱ्या एका बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "का गं बाई, कुणाला काय झालं?" आमच्याकडे बाई पळत निघाली म्हणजे कुणाचं तरी बरंवाईट झालेलंच असतं. मला हसायला आलं, पण हसायला दम नव्हता. मालकांनी मागून सांगितलं, "काही नाही मावशी, माहेरी चाललीय." मावशींना ते अजिबात पटलं नाही.

त्या वाटेवर एक गोष्ट मला सारखी छळत होती. पाय सांगत होते, तू पळतेयस. छाती सांगत होती, तू पळतेयस. घड्याळ मात्र सांगत होतं, चालतेयस बाई तू, शेंड्यांची आई तुझ्यापुढे जाईल. मी घड्याळाचं खरं मानलं. मापाचं खरं मानायचं ही माझी सवय. काटा सांगेल ते वजन, दगडावर कोरलंय ते अंतर. म्हटलं, त्रेचाळीस वर्षांच्या बाईचं पळणं असंच असणार. तिला आतून पळाल्यासारखं वाटतं आणि बाहेरून ती चाललेली असते. हे मनात आलं ना, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दम लागल्यावर रडू नये. दोन्ही एकदम होत नाही.

सव्विसावा दगड गेला. पुढे खात्याची चौकी दिसली, कौलारू, दाराशी कडुनिंब. मला वाटलं, तिथपर्यंत जाऊ, सावलीत पाणी पिऊ, मग उरलेले सहा. चौकीच्या समोर आले आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडलेच. खाली बसले. उठायला गेले, पुन्हा बसले. पाय माझा नव्हताच.

मालकांनी स्कूटर लावली. माझा पाय मांडीवर घेऊन पोटरी चोळायला लागले. नवऱ्यानं भर रस्त्यात बायकोचा पाय मांडीवर घेतलेला आमच्या भागात कुणी बघितला नसेल.

"झालं," मी म्हणाले. "सव्वीसच. सहा राहिले."

"सव्वीस काही कमी नाही."

"नियम बत्तीसचा आहे. सव्वीसचा नाही. शेंडे बरोबर हसले होते. आता त्या पिशव्या ठेवणाऱ्या बायकांना सांगते, मला झेपत नाही म्हणून." आणि मग मी खरोखर रडले, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. इतकं मी आई गेली तेव्हाच रडले होते.

चौकीतून एक म्हातारा बाहेर आला. खाकी सदरा, खाली धोतर, हातात तांब्या. हे मदनेतात्या. पाटकरी होते. म्हणजे पाटाची दारं उघडायची-लावायची, फूट बघायची, रोज भरावावरून चालायचं, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं होतं. निवृत्त झाले तरी चौकी सुटली नव्हती.

"पानी घ्या," त्यांनी तांब्या पुढे केला. "कुठनं आला?"

"बंधाऱ्यापासनं," मालक म्हणाले. "ही पळत आली."

"पळत?" तात्या माझ्यासमोर उकिडवे बसले. "बंधाऱ्यापासनं हितवर पळत? सव्वीस मैल दोन फर्लांग?"

मी तोंड पुसलं. मला चीड आली. आधीच हरलेली, त्यात हे म्हातारं मोठं करून सांगतंय. "मैल कुठले तात्या? किलोमीटर म्हणा. सव्वीस किलोमीटर."

"किलोमीटर?"

"हो, दगडावर कोरलंय की."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पाटाला उलटं पाणी वाहतं म्हटलंय. मग त्यांनी काठीनं वाटेच्या कडेला दाखवलं. तिथे गवतात गुडघ्याएवढा एक बारका दगड होता. वर आकडा, दोन. असे बारके दगड सगळ्या वाटेवर होते. एक ते सात, मग मोठा दगड, मग पुन्हा एक ते सात. मला आपलं वाटायचं, शेतांना पाणी सोडायच्या दारांचे नंबर असतील.

"ह्यो काय हाय?" तात्यांनी विचारलं.

"दाराचा नंबर."

"दाराचा! अवो बाई, ह्यो फर्लांगाचा दगड. मोठ्या दोन दगडांत सात बारके. आठ फर्लांगांचा एक मैल. सायबानं शंभर वर्षांमागं बसवल्यात ह्यो दगड, त्याच्याकडं किलोमीटर व्हता का? मी छत्तीस वर्सं चाललोय ह्यावरनं. मैल हाय त्यो. एक मैल चालाय मला वीस मिनिटं लागायची, तरणा असताना."

मी मालकांकडे बघितलं. मालक माझ्याकडे बघत नव्हते. ते धुळीत बोटानं आकडे मांडत होते. सव्वीस, गुणिले एक पूर्णांक सहा. मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मग त्यात दोन फर्लांगांचे चारशे मीटर मिळवले. शाळेतला कारकून माणूस, बेरीज तीनदा केल्याशिवाय त्यांना विश्वास बसत नाही.

"इंदू," ते म्हणाले. लोकांसमोर ते मला नावानं हाक मारत नाहीत. "बेचाळीस."

"काय बेचाळीस?"

"बेचाळीस किलोमीटर झालंय हे. तुझी ती पुण्याची शर्यत, अख्खी. तू आत्ता पळालीस ती."

मला आधी कळेना, मग कळलं, आणि मग एकदम दुसरंच आठवलं. "आणि वीस दगड?"

त्यांनी पुन्हा बोटानं धुळीत मांडलं. "बत्तीस."

"म्हणजे तीन रविवार..."

"तीन रविवार बत्तीस पळालीस. तो डॉक्टरांचा नियम तू तीनदा करून बसलीस."

मग मी हसायला लागले. रडून लाल झालेलं तोंड, पोटरीत गोळा आलेला, आणि मी पाटावर बसून हसतेय. तात्यांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मी म्हणाले, "ओता, ओता तात्या. आणखी ओता."

मालकांनी खिशातला फोन काढून डॉक्टरांना लावला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, यांचंच येत होतं. "नाही डॉक्टर, मैल... हो, मैल. ब्रिटिशांचे... नाही हो, थट्टा कशाला करू? पाटकरी इथंच आहेत... साडेपाचला निघाली, पावणेअकराला इथं." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. स्कूटरवर बसायचं आणि भरपूर पाणी प्यायचं. ते गाडी घेऊन निघालेत, बंधाऱ्यापासून काटा लावून मोजत येतायत."

"येऊ देत," मी म्हणाले. पोटरी सुटली होती. झाडाला धरून उभी राहिले.

"बस मागं."

"नाही बसत."

"डॉक्टर म्हणाले..."

"पळणं झालं, ते त्यांच्या तक्त्याचं होतं. त्यांनी म्हटलं थांब, मी थांबले. आता पळत नाही, आता मी माहेरी चाललेय. त्यात डॉक्टरांचा काय संबंध? अण्णांना बत्तीस दगड कळवलेत."

मालकांनी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "जाऊ द्या साहेब. दुपार व्हईल, पण जातीया ती."

सहा दगड मी चालले. मालक स्कूटर सुरू न करता हातानं ढकलत माझ्याबरोबर चालले. मी म्हटलं, बसून चला की, तर म्हणाले, "आता मलाच लाज वाटेल." एवढ्या वर्षांच्या संसारात ते मला जे काही म्हणाले, त्यात हे मी पहिल्या नंबरला ठेवते.

तिसाव्या दगडापाशी मागून डॉक्टरांची पांढरी गाडी आली. डॉक्टर उतरले. पायात अजून सकाळचे पळायचे बूट. त्यांनी पहिल्यांदा माझी नाडी धरली, डोळे बघितले, जीभ बघितली. मग गाडीच्या काट्याकडे बोट केलं.

"अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन," म्हणाले. "बंधाऱ्यापासून इथपर्यंत. मी वाटेत तीन ठिकाणी थांबून दोन दगडांमधलं अंतर बघितलं. सगळीकडे एक पूर्णांक सहा."

मी गाडीत डोकावून काटा स्वतः बघून घेतला.

"इंदुताई, चूक माझी. रुग्णाचा ताप शंभर आला तर मी आधी विचारतो, कुठल्या थर्मामीटरनं मोजला. तुमच्या वहीतला आकडा बघितला आणि ते विचारलंच नाही. तुम्ही हळू आहात असं धरूनच चाललो."

"मी तरी कुठं विचारलं?" मी म्हणाले. "तुमच्याबरोबर एकदा हायवेला आले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. नाक आडवं आलं माझं."

"किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आत. शेंड्यांना आठ लागतात."

"हे शेंड्यांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले, आणि गाडी तिथेच लावून आमच्याबरोबर चालायला लागले. "यादीत पहिलं नाव घालतो तुमचं. पण एक सांगतो, इतकं सरावात पळायचं नसतं. बेचाळीसच्या तयारीला कुणी बेचाळीस पळत नाही. बत्तीस पुरे असतं. वरचे दहा शर्यतीच्या दिवशी आपोआप निघतात. आता दोन आठवडे गिरणीच्या बाहेर पडायचं नाही."

"बरं," मी म्हणाले. तेव्हा काय सांगतील ते मी ऐकलं असतं.

बत्तिसावा दगड आसोलीच्या पाणवठ्याजवळ आहे. लांबूनच माणसं दिसली. पंचवीस-तीस तरी असतील, बायका, म्हातारे, आणि मधोमध दगडावर अण्णा बसलेले, नवा पटका बांधून. ते तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. सकाळी आठपासून तिथं बसलेत असं मागून कळलं. भावजयीनं दोनदा घरी जेवायला बोलावलं तर म्हणाले, लेक आल्यावर जेवू.

मी जवळ आले. दगडाला हात लावला. अण्णांनी माझ्या बुटांकडे बघितलं. ते धुळीनं पांढरे झाले होते, डाव्याच्या अंगठ्याला भोक पडलं होतं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आलीस व्हय," म्हणाले. "जरा येळ लागला."

भावजयीनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. थंड पाणी पोटऱ्यांवरून ओघळलं तेव्हा मला बरं वाटलं. डॉक्टर पुढे झाले, हात जोडले, आणि अण्णांना सगळा घोटाळा सांगायला लागले. कसं आम्ही सगळे किलोमीटर धरून चाललो, कशी वहीत चूक झाली, कसं सव्विसाव्याला कळलं. लोक आ वासून ऐकत होते. अण्णांच्या तोंडावर मात्र काहीच हललं नाही.

"मैलच की," ते मधेच म्हणाले. "पाटाचा दगड मैलाचाच असतोय. न्हाईतर काय लेक किलोमीटरवर दिली व्हती मी?"

डॉक्टर थांबले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असायला काय झालं? त्या दगडांवर खेळलोय मी."

"अण्णा, बत्तीस मैल म्हणजे एक्कावन्न किलोमीटर होतात. इतकं कुणी पळत नाही. मी नाही पळालेलो कधी. तुम्ही निरोप आल्यावर ताईंना सांगितलं का नाही? अडवलं का नाही?"

अण्णांनी पटका सारखा केला. मालकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग डॉक्टरांकडे, एखाद्या पोराला समजावतात तसं.

"मला काय ठाऊक तुमच्यात किती पळत्यात," ते म्हणाले. "लेकीनं सांगून धाडलं, बत्तीस दगड पळत येते. मी म्हनलं, म्हनती तर येईल."

आणि काठी टेकून उठले. "चला, जेवायला चला. सकाळधरनं उपाशी हाय मी."

पुण्याचं सांगण्यासारखं फार काही नाही. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी बेचाळीस किलोमीटर पाच तास चार मिनिटांत पळाले. शेंडे माझ्यामागून अकरा मिनिटांनी आले. गळ्यात पदक घातलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी परतताना मालकांनी विचारलं, कसं वाटलं, अवघड होतं का?

"छे," मी म्हणाले. "सव्वीसच दगड होते की."